दोनच राहिलेत, सर!

या वीकएंडचा प्लॅन काय? लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच झालेल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं... सॅम्पल फ्लॅट! शनिवारी घोडबंदर रोड, रविवारी डोंबिवली. ठाण्यातला आकडा ऐकला की आपली गाडी आपोआप कल्याणच्या दिशेने सरकते. मग सेल्सवाल्याचं ते पेटंट वाक्य येतंच, ‘या फ्लोअरला दोनच राहिलेत, सर. संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय.’ झालं! काही वर्षांच्या सेव्हिंग्जचा फैसला आपण वीस मिनिटांत करून टाकतो.

इथेच जरा ब्रेक लावा. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय? महापालिकेच्या परवानगीची खोटी कागदपत्रं तयार करायची, ती जोडून महारेराचं रजिस्ट्रेशन मिळवायचं आणि फ्लॅट विकायचे, असा तो सगळा फंडा. २०२२ मध्ये हे बिंग फुटलं, पोलिसांची एसआयटी बसली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने या इमारती पाडायचा आदेश दिला. तोवर तिथे हजारो लोकांचे संसार थाटले गेले होते. कित्येकांनी बँकेचं लोन काढलं होतं. म्हणजे घर जाणार आणि ईएमआय मात्र चालूच!

‘महारेरा नंबर आहे, बँक लोन देतेय, आता अजून काय बघायचं?’ हेच तर त्यांनाही वाटलं होतं.

मग रेरा कुचकामी का? मुळीच नाही. मे २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने कार्पेट एरिया सांगणं सक्तीचं केलं. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. पण एक फरक लक्षात घ्या. महारेरा प्रोजेक्टची नोंद करतं, बांधायची परवानगी देते महापालिका. म्हणून महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं कमेन्समेंट सर्टिफिकेट उघडा, त्याचा नंबर, तारीख आणि जमिनीचा सर्व्हे नंबर उतरवून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा, हे तुम्हीच दिलंय ना? दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सातबारा आणि टायटल बघायला वकील आपला घ्या, बिल्डरने सुचवलेला नको. आणि ‘आजच वीस टक्के भरा’ म्हणाले तर सांगा, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

‘अहो, पण ३० दिवसांत फ्लॅट हातचा जाईल!’ जाईलही कदाचित. पण ही घाई नेमकी कुणाच्या फायद्याची? कागद खणखणीत असलेला बिल्डर तुमच्या चौकशीने बिचकणार नाही. जो बिचकेल, त्याच्याकडचे उरलेले दोन्ही फ्लॅट संध्याकाळच्या त्या पार्टीला खुशाल जाऊ द्या.

लोन वीस वर्षांचं आहे राव, महिनाभर थांबायला काय हरकत आहे?