गर्जनेवांचून कर्णधार

फुटबॉलमध्यें गोल करणाराचें नांव पोरासोरांच्या तोंडीं असतें. गोल होऊं न देणाराची आठवण लोकांस होते ती त्याच्या हातून चूक घडली म्हणजेच. या न्यायानें म्यूनिकचा बचावपटू फिलिप लाम एव्हांना विस्मृतींत जावयास हवा होता. जर्मनीतर्फे ११३ सामने खेळून त्याच्या पदरीं गोल अवघे पांच, आणि २०१७ सालीं तर त्यानें खेळच सोडला. तथापि २०२४ मध्यें युरोपीय राष्ट्रांची अजिंक्यपदाची स्पर्धा जर्मनींत भरली, तेव्हां तिचें संचालकपद त्याच्याकडेच आलें.

हा लौकिक कांहीं जणांस खुपतो. लाम सद्गुणी खरा, पण नायक नव्हे. कर्णधारानें सहकाऱ्यांवर गरजावें, प्रतिपक्षास धाकांत ठेवावें, असें त्यांचें म्हणणें. जर्मनींतील मागल्या पिढीच्या कांहीं खेळाडूंनीं हाच सूर आळविला. २०१२ च्या मे महिन्यांत बायर्न म्यूनिक संघ युरोपीय अंतिम सामना स्वतःच्याच मैदानावर चेल्सीशीं पेनल्टींवर हरला, तेव्हां या मताला भलताच जोर चढला. आमचा प्रश्न एवढाच, कीं त्या रात्रीं म्यूनिककडून पहिली पेनल्टी मारावयास कोण गेला? लामच गेला, आणि त्यानें गोलही केला. पुढल्या वर्षीं वेम्ब्लीवर डॉर्टमुंडला २-१ असें हरविणाऱ्या आणि २०१४ सालीं रिओत अर्जेंटिनाकडून विश्वचषक हिरावणाऱ्या संघांचा कर्णधारही हाच मुखदुर्बळ गृहस्थ! ओरडण्याचा मक्ता गोलरक्षकांचा आहे. तो त्यांच्याकडेच राहूं द्यावा.

मवाळ म्हणजे भित्रा, हें समीकरणही आम्हांस मान्य नाहीं. २००९ सालीं वर्तमानपत्राच्या मुलाखतींत त्यानें आपल्या क्लबच्या खेळाडू विकत घेण्याच्या धोरणावर उघड टीका केली आणि जबर दंड सोसला. २०११ सालीं त्याच क्लबनें त्याला कर्णधार नेमलें. त्याच वर्षीं आत्मचरित्रांत त्यानें आपल्या जुन्या प्रशिक्षकांची उणीं काढलीं, तें मात्र आम्हांस रुचलें नाहीं. खेळत असतां असा हिशेब मांडूं नये.

पण त्याची खरी थोरवी मैदानावरच पाहावी. उंची १७० सेंटिमीटर. म्हणजे अंगबळावर कोणास रोखण्याची सोय नाहीं. तरी साऱ्या कारकिर्दींत लाल कार्ड दाखवून त्याला कोणीं बाहेर काढलें नाहीं. ही केवळ सालसपणाची गोष्ट नव्हे. चेंडू कोठें येणार हें ओळखून जो आधींच तेथें उभा असतो, त्याला पाय घालून पाडापाडी करण्याची पाळीच येत नाहीं. उशिरां पोंचणाराच धसमुसळा होतो. उजव्या पायाचा हा गडी वर्षानुवर्षें डावी बाजू सांभाळीत होता. पुढें ग्वार्दिओलानें त्याला मधल्या फळींत उभें केलें, तेथेंही तो शोभला.

विश्वचषक जिंकून आठवडा उलटण्यापूर्वींच, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें राष्ट्रीय संघ सोडला. चार वर्षांनीं रशियांत जर्मनी पहिल्या फेरींतच बाद झाला. मेक्सिकोच्या लोझानोनें जो गोल केला, तो जर्मनीच्या उजव्या बाजूस, लामनें रिकाम्या केलेल्या जागेकडून आला होता.