हाताला धरून शिकविलेला साधुकार

वंदना झाली की आपण तीनदा ‘साधु’ म्हणतो. थायलंडात शास्त्रीय संगीत शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला जी पहिली रचना शिकवितात, तिचे नाव ‘साथुकान’. म्हणजे आपला ‘साधुकार’च! बुद्ध, धम्म, संघ यांना वंदन म्हणून ती वाजवितात. हे कळले तेव्हा परक्या गावात घरचे माणूस भेटावे तसे आम्हांला वाटले.

ही विद्या पूर्वी राजवाड्यात आणि गुरूंच्या घरी असे. शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे, ऐकून ऐकून शिकावे. गुरूने एखादी रचना राखून ठेवली तर ती त्याच्याबरोबरच जाई. ‘पीपाट’ हा मोठा वाद्यमेळ तर बहुधा पुरुषांचाच. पुढे १९३८ साली पंतप्रधान झालेल्या फिबुन यांच्या सरकारने सुधारणेच्या नावाखाली या संगीतावर बंधने घातली. वाजवायलाही परवाना लागू लागला. आज बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात थाई संगीताची पदवी घेता येते आणि मुलीही पीपाटात बसतात. बंद घरातली विद्या वर्गात आली, याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शिकविण्याची रीत मात्र पुष्कळशी जुनीच. ‘खोंग वोंग याइ’ म्हणजे गोल चौकटीवर मांडलेल्या १६ घंटा. वादक मधोमध बसतो. गुरू विद्यार्थ्याचे दोन्ही हात धरून साधुकाराचे पहिले स्वर तीनदा वाजवून घेतात. मूळ चाल या वाद्याची. ती हातात बसली की २१ पट्ट्यांच्या ‘रनात एक’वर तीच चाल भराभर सजवायची. सगळे एकच चाल वाजवितात, पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या वळणाने. ताल ‘छिंग’ नावाच्या लहान टाळांवर: उघडा ठोका ‘छिंग’, दाबलेला ‘छाप’. दिसायला पोरखेळ, पण हाच चुकला की सारा मेळ बिघडतो.

गुरुवंदनेचा विधी, ‘वाइ ख्रू’, गुरुवारी होतो. ‘ख्रू’ म्हणजे गुरूच. त्यात गणपतीसारख्या देवताही मांडतात. बौद्ध देशात हे कसे, असे वाचक विचारतील. आम्हांलाही ते खटकले. पण आहे ते दडवून सांगणे बरे नव्हे.

आता द, र, म अशी स्वराक्षरे लिहूनही घेतात. तरी कार्यक्रमाला बसताना समोर वही नसते. मुले वाद्यापुढे हात जोडतात आणि पाठ असलेले वाजवू लागतात.