रिकामा हौदा आणि उभे निशाण

१४ जानेवारी १७६१. पानिपतच्या रणांगणावर दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर स्वार होऊन शत्रूच्या गर्दीत शिरले. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु दूरवर झुंजणाऱ्या मराठा शिपायाला ते शौर्य दिसले नाही. त्याला दिसला तो रिकामा हौदा. सकाळपासून शर्थ करणारी फौज त्यानंतर थोड्याच वेळात फुटली. उपासमारीसह पराभवाची अन्य कारणे होतीच. पण १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराया मारला गेला तेव्हा आणि १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरला तेव्हाही हेच घडले होते. जरीपटका होता, डोळे मात्र हौद्याकडे लागले होते.

हे अधिक बोचते ते याच मराठ्यांचा आधीचा इतिहास आठवला म्हणजे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. तरी संताजी-धनाजींनी आणि पुढे महाराणी ताराबाईंनी लढा थांबू दिला नाही. औरंगजेब १७०७ मध्ये याच दक्षिणेत मेला. त्या अठरा वर्षांत निष्ठा स्वराज्याशी होती. त्याच लोकांना एका दुपारी हौदा का पुरेसा वाटावा?

युरोपीय पलटणींनी या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. पायदळाचे निशाण, रिसाल्याचा दुशेपटी लहान ध्वज म्हणजे गायडन, आणि तोफखान्यात तर तोफ हेच निशाण. तोफांच्या धुरात आपली पलटण कोठे आहे हे शिपायाला कळावे, हा त्यामागचा साधा व्यवहार. निशाणधारी पडला की दुसरा ते उचलत असे. सेनापती पडेल, कप्तान पडेल. पलटण पडत नसे. या व्यवहाराची पुढे श्रद्धा झाली. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे झुलूंनी इंग्रजांची दाणादाण उडवली, तेव्हा २४ व्या पलटणीचे निशाण वाचवण्यासाठी लेफ्टनंट मेलविल ते घेऊन निघाला. नदी ओलांडताना ते हातून सुटले आणि तो व त्याचा सोबती कॉगहिल मारले गेले. निशाण काही दिवसांनी नदीत सापडले. कापडाच्या तुकड्यासाठी दोन जीव, असे हिशेबी माणूस म्हणेल. पुढे दूर पल्ल्याच्या बंदुकांपुढे हा थाट परवडेना. १८८१ मध्ये लेंग्ज नेकला ब्रिटिश पलटणीने शेवटचे निशाण रणात नेले.

आपल्या सेनेने ही परंपरा घेतली, पण डोळे मिटून नव्हे. २३ नोव्हेंबर १९५० रोजी ब्रिटिश राजाच्या नावाची निशाणे डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीत चेटवुड सभागृहात सन्मानाने ठेवली गेली आणि प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींच्या निशाणांसाठी जागा मोकळी झाली. ती जाळली का नाहीत, असे एखादा तडफदार तरुण विचारील. नाव परक्या राजाचे असले तरी त्यांखाली सांडलेले रक्त आपले होते, म्हणून. मात्र असई, खडकी यांसारखे स्वकीयांविरुद्ध मिळवलेले रणसन्मान आपल्या सेनेने त्याज्य ठरवले. हा विवेक आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठे दिसत नाही, याचा खेद वाटतो.

आज निशाणे संचलनात दिसतात, युद्धात नाहीत. मग त्यांचे प्रयोजन उरले काय? चौकाचौकांतील फलक पाहावेत. तेथे पुढाऱ्यांचे चेहरे पुरुषभर आणि राष्ट्रध्वज कोपऱ्यात बोटभर असतो. आम्ही पुन्हा हौद्याकडेच पाहू लागलो आहोत. सैन्यात मात्र निशाण समोरून जाताना ज्येष्ठ सेनाधिकारीही उभा राहून त्याला मानवंदना देतो.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीजवळ निशाण नव्हते. होते सुमारे एकशे वीस जवान आणि मेजर शैतानसिंह. मेजर गंभीर जखमी झाले, तेव्हा मला येथेच सोडा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. जवान लढत राहिले. पुढच्या वर्षी त्यांचे देह सापडले ते मोर्चांतच, काहींच्या हातात शस्त्रे तशीच होती. रेझांग ला हे नाव आता त्या पलटणीच्या रणसन्मानांत आहे.