पौष्टिक चिक्कीत दाणे किती?

शहरांतील दुकानांतून अलीकडे वनस्पतिजन्य प्रथिनांच्या कुरकुरीत वड्या ‘प्रोटीन बार’ या नावाने विकल्या जातात. सोयाबीन किंवा वाटाणा यांतून वेगळे काढलेले प्रथिन, दाणे, बिया व गोड पाक एकत्र दाबून त्या तयार करतात. चकचकीत वेष्टन बाजूस सारले तर शेतकरी कुटुंबास त्यांत नवे असे फारसे काही आढळणार नाही. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी व राजगिऱ्याची वडी ही त्याच जातीची खाद्ये होत. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही १९५० नंतरच्या दशकात भुईमुगाच्या पेंडीचे पीठ ७५ भाग व हरभऱ्याचे पीठ २५ भाग घेऊन एक पौष्टिक अन्न सिद्ध केले होते.

फरक आहे तो हिशेबाचा. शहरातील वडीच्या वेष्टनावर प्रथिने किती ग्रॅम हे छापलेले असते. गावची चिक्की मात्र केवळ ‘पौष्टिक’ या विशेषणावर खपते. गूळ स्वस्त व दाणे महाग, म्हणून विक्रीसाठी केलेल्या चिक्कीत गुळाचे माप हळूहळू वाढत जाते. गुळात प्रथिने जवळजवळ नसतातच. निम्मा गूळ व निम्मे दाणे असलेल्या १०० ग्रॅम चिक्कीतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात खरी; परंतु त्यांबरोबर ५० ग्रॅम गूळही पोटात जातो. अशा चिक्कीस मिठाई म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

हे प्रमाण सुधारणे अवघड नाही. शेंगदाणे ३५ भाग, फुटाण्याचे डाळे २० भाग, तीळ १० भाग व गूळ ३५ भाग घेतल्यास १०० ग्रॅममध्ये सुमारे १५ ग्रॅम प्रथिने येतात. आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो प्रथिनांचा कस. भुईमुगाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक द्रव्य कमी असते, ते हरभरा पुरवितो. या दोहोंत मेथिओनिन कमी पडते, ते तीळ भरून काढतो. सोयाबीन घालावयाचे असल्यास ते चांगले भाजूनच घालावे. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात.

तरीही ४० ग्रॅमच्या एका वडीतून ६ ग्रॅमच प्रथिने मिळणार. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दररोज सुमारे ४६ ग्रॅम लागतात. तेव्हा वडी ही भाकरी, डाळ व उसळ यांच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नव्हे.

चवीचा प्रश्न गौण मानू नये. जे रुचत नाही ते मुले खात नाहीत, मग ते कितीही पौष्टिक असो. वेगळे काढलेले प्रथिन भरपूर घातलेल्या अनेक वड्या पिठूळ लागतात व दातांस चिकटतात. चिक्कीचा कुरकुरीतपणा दाणे मंद आचेवर खरपूस भाजण्यावर व पाकावर अवलंबून असतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकावा व बोटांनी मोडून पाहावा. कट्कन तुटला तर पाक झाला, ताणला गेला तर अजून कच्चा आहे. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की लवकर सादळते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

मालाच्या निवडीत मात्र कोणतीही सवलत देता येणार नाही. ओलसर शेंगांवर वाढणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतास घातक असून दाणे भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. बुरसटलेले, सुरकुतलेले वा काळपट दाणे स्वस्त मिळतात म्हणून चिक्कीत खपविण्याचा मोह अनेकांस होतो. गुळाच्या चवीत ते कळूनही येत नाहीत. शेंगा काढणीनंतर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा उतरेतो वाळवाव्यात आणि दाणे भाजण्यापूर्वी हाताने निवडावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने महिला गटांस चिक्की शिकविताना कढईच्या अगोदर तराजू मागवावा व दाणे, डाळे, तीळ आणि गूळ यांचे प्रमाण विक्रीच्या पुडीवर लिहावयास लावावे. पाच वर्षांखालील मुलांस अखंड दाण्यांची चिक्की देऊ नये, दाणा घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी याच जिनसांचे बारीक कूट करून मऊ लाडू वळावेत.