अमेरिकेतील लष्करी निवृत्तिवेतन : दोषसिद्धी आणि क्षमादान

अमेरिकेच्या सशस्त्र दलांतून निवृत्त झालेली व्यक्ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली, की तिचे निवृत्तिवेतन आपोआप बंद होते, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. साधारणतः २० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारा हा हक्क गुन्ह्याच्या गांभीर्यापेक्षा लष्करी दर्जा टिकतो की जातो, यावर अधिक अवलंबून असतो. लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यास बडतर्फ केले, तर २५ वर्षांची सेवाही या दृष्टीने व्यर्थ ठरते. मात्र निवृत्तीनंतर नागरी न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिली, तरी निवृत्तिवेतन सहसा चालू राहते. ही विसंगती खटकणारी आहे.

याला मुख्य अपवाद १९५४ च्या ‘हिस कायद्या’चा. परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी ॲल्जर हिस १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले होते. त्या प्रकरणातून झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९६१ मध्ये मुख्यतः देशद्रोह, हेरगिरी अशा राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित गुन्ह्यांपुरती मर्यादित करण्यात आली. गंमत अशी, की खुद्द हिस यांना १९७२ मध्ये न्यायालयाने निवृत्तिवेतन मिळवून दिले. कारण त्यांचे कृत्य कायद्याच्या आधीचे होते.

इराण-काँट्रा प्रकरणात १९८९ मध्ये दोषी ठरलेले मरीन दलाचे निवृत्त अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांचे निवृत्तिवेतन मात्र वेगळ्याच कारणाने थांबले. सरकारी कागदपत्रे नष्ट करणाऱ्यास कोणतेही शासकीय ‘पद’ धारण करता येत नाही, या तरतुदीत निवृत्त अधिकाऱ्याचा दर्जाही धरण्यात आला. १९९० मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून तो त्यातून वगळला.

राष्ट्राध्यक्षांच्या क्षमादानाने हिस कायद्याखाली गेलेला हक्क परत मिळतो, पण क्षमादानाच्या तारखेपासूनच. मधल्या काळाची थकबाकी मिळत नाही. सरकारी तिजोरीत जमा झालेला पैसा केवळ माफीच्या बळावर परत मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्येच नोट खटल्यात स्पष्ट केले होते. लष्करी न्यायालयाने केलेली बडतर्फीही माफीने आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी संबंधित दलाच्या अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नौदलाचे एडवर्ड गॅलघर यांना २०१९ मध्ये लष्करी न्यायालयाने मृत कैद्यासोबत छायाचित्र काढल्याबद्दल दोषी ठरवून पदावनत केले. त्यांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली नाही, तर हुद्दा परत दिला. निवृत्तिवेतनाचा हिशेब हुद्द्यावर आधारित वेतनावरून होत असल्याने त्यांच्या दृष्टीने हाच निर्णय अधिक मोलाचा होता.