चहा आणायचा कशात?

मुलांनो,

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा... वस्त्याच्या वस्त्या ओस पडतात. आईवडील फडात आणि कोपीवर तान्ह्या बाळाला सांभाळते ती तुमच्याच वयाची ताई. म्हणून आजची माहिती खास ताई-दादांसाठी.

हॉटेलातून चहा कशात आणता? पातळ कॅरीबॅगेत, वरून गाठ मारून! खरं तर महाराष्ट्रात कॅरीबॅगवर २०१८ सालीच बंदी आली. तरी चहा पिशवीतूनच येतो.

आता यातली गंमत नाही, धोका समजून घ्या. प्लॅस्टिक मऊ व्हावं, टिकावं, रंगीत दिसावं म्हणून त्यात निरनिराळी रसायनं घालतात. उष्णता लागली की ती थोडीथोडी बाहेर पडतात आणि खाण्यापिण्यात उतरतात. ना दिसतात, ना चव लागते.

मग बाळालाच जास्त धोका का? चिमूटभर मीठ पेलाभर पाण्यात टाका, तेवढंच घागरभर पाण्यात टाका. खारट कोणतं लागेल? बाळाचं शरीर म्हणजे तो पेला! शिवाय हाताला येईल ते बाळ तोंडात घालतं.

काचेसारख्या कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए हे रसायन असतं. आपल्या शरीरात काही रस निरोप्याचं काम करतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात. बिस्फेनॉल-ए त्यांची नक्कल करून शरीराला खोटा निरोप देतं. म्हणून युरोपात २०११ साली अशा दूधबाटल्यांवर बंदी आली. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१५ च्या मानकात पॉलिकार्बोनेटच्या दूधबाटल्या बाद केल्या. मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांत थॅलेट नावाची रसायनं असू शकतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं झालं. जत्रेत खुळखुळा घेताना ते चिन्ह आधी शोधा.

घाबरून जाऊ नका. एवढं मात्र कराच :

१) चहा-दूध किटलीत किंवा स्टीलच्या डब्यात आणा.
२) बाळाला वरचं दूध पाजायचं तर वाटी-चमच्याने पाजा.
३) प्लॅस्टिकची पाण्याची बाटली उन्हात ठेवू नका.
४) बाळाच्या तोंडाजवळ पावडर उडवू नका. ती श्वासाबरोबर छातीत जाते.
५) फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही घासला, तरी त्यात पाणी भरू नका. ते विषच!

आता या आठवड्याचा उद्योग. घरातले प्लॅस्टिकचे डबे-बाटल्या उलट्या करा. बऱ्याच ठिकाणी तळाला त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा दिसेल. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. पॉलिकार्बोनेट ७ मध्ये येतं. तो आकडा दिसला, तर त्यात गरम काही ओतू नका. वहीत तक्ता करा आणि आईला वाचून दाखवा. बाळाला वाचता येत नाही. तुम्हाला येतं ना?

तुमच्या,
बाई