सिटाग्लिप्टिनची गोळी आणि घडवलेले विकर

बाळंतशोपा आणि पुदिना यांचे वास कोणीही डोळे मिटून वेगळे ओळखील. तरीही दोन्हींत कार्व्होन नावाचे एकच द्रव्य आहे. त्यातील अणू तेच, जोडणीही तीच. फक्त एकाचा रेणू हा दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब आहे. डावा आणि उजवा तळहात एकावर एक ठेवले तर जसे जुळत नाहीत, तसे हे दोन रेणू. नाकाला हा भेद कळतो.

शरीरातील इतर प्रथिनांनाही तो कळतो. त्यामुळे अनेक औषधांच्या रेणूचा एकच ‘हात’ उपयोगी पडतो. दुसरा निष्क्रिय, तर क्वचित अपायकारकही असतो. कारखान्यातील साध्या रासायनिक क्रियेत मात्र दोन्ही हात निम्मे-निम्मे तयार होतात. हवा तेवढाच हात कसा घडवावा, हा औषधनिर्मितीतील जुना आणि खर्चिक प्रश्न आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या डब्यात असलेल्या सिटाग्लिप्टिनचे उदाहरण घेऊ. मधुमेहावरील या औषधाला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. ते बनवताना प्रथम ऱ्होडियम या अतिमहाग धातूच्या साहाय्याने, उच्च दाबाखाली हायड्रोजन वापरावा लागे. त्यातून थोडा नको असलेला हातही तयार होई. मग तो आणि धातूचा अंश वेगळा काढण्याचा खटाटोप.

निसर्गातील विकरे, म्हणजे एन्झाइम, हे काम सहज करतात. ती बहुधा एकच हात घडवतात. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूतील ट्रान्सअमिनेज हे विकर निवडले. अडचण अशी, की या औषधाचा कच्चा रेणू त्या विकराच्या खोबणीत मावेचना. क्रिया जवळपास शून्य. तेव्हा त्यांनी आधी रेणूचा लहान तुकडा देऊन पाहिला, खोबणी थोडी रुंद केली आणि मग पूर्ण रेणूकडे वळले. पुढची रीत आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहे : विकरात बदल करून अनेक नमुने बनवायचे, त्यातले सरस निवडायचे आणि त्यांनाच पुढच्या फेरीचे बियाणे करायचे. अशा अकरा फेऱ्यांनंतर मूळ विकरातील सत्तावीस ठिकाणचे घटक बदललेले होते. द्रावकाने निम्मे भरलेल्या, चाळीस अंशांहून उष्ण मिश्रणातही ते तग धरू लागले आणि योग्य हाताची निवड ९९.९५ टक्क्यांवर गेली. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. विकरांच्या अशा निर्देशित उत्क्रांतीसाठी फ्रान्सेस अरनॉल्ड यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. खरे तर या पद्धतीचे मोठेपण मला तिच्या सोशिकपणात दिसते.

एक शंका येईल, म्हणून सांगतो : गोळीत हे विकर नसते. औषध तयार झाल्यावर ते वेगळे केले जाते. पचनासाठी घेतल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्यांशी याचा संबंध नाही. भारतात या औषधाची किंमत उतरली तीही २०२२ मध्ये एकस्वाची मुदत संपून अनेक कंपन्या बाजारात आल्याने.

ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. नेहमीची मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास डॉक्टर ती ५० किंवा २५ वर आणतात. म्हणून क्रिएटिनिनचा अहवाल भेटीला जाताना बरोबर असावा. पोटात तीव्र, पाठीकडे जाणारी वेदना सुरू झाल्यास गोळी थांबवून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. स्वादुपिंडाचा दाह हा क्वचित आढळणारा, पण गंभीर दुष्परिणाम आहे.

हाताचा हा भेद घरच्या औषधांच्या यादीतही उतरवावा लागतो. ॲम्लोडिपिन आणि एस-ॲम्लोडिपिन या सारख्या मात्रेच्या गोळ्या नव्हेत. एस-ॲम्लोडिपिनमध्ये फक्त कामाचा हात असल्याने तिची अडीच मिलिग्रॅमची गोळी साध्या पाच मिलिग्रॅमच्या बरोबरीची धरली जाते. सेटिरिझिन दहा, तर लेव्होसेटिरिझिन पाच. दुकानदाराने पर्यायी गोळी दिली, की सांभाळ करणाऱ्याने नावापुढचे ‘एस’ वा ‘लेव्हो’ हे अक्षर पाहावे, आणि दोन्ही प्रकार एकाच डब्यात चुकूनही येऊ देऊ नयेत. यादीत मात्रेबरोबर ते अक्षरही ठळक लिहिलेले असावे.